च्युइंगमने खाल्लेले पाच शब्द

आपल्याला पंधराच मिळाले, हे कालीपाला नळावर कळलं.

सांगितलं नासिपाने. नासिपा ही कालीपाच्या थोरल्या दिरांची नातसून. लग्नाला तीन वर्षं झालेली, पण जीभ तीस वर्षांची.

"अपा, तुम्हाला पंधरा, मला चौदा. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांना सतरा."

ट्रॅक्टरवाले म्हणजे सापार. नासिपाच्या नवऱ्याचा तो काका लागत होता, म्हणून त्याचं नाव तिच्या तोंडात येणं शक्य नव्हतं.

"कोण म्हणतं?" कालीपाने विचारलं.

"हेडमास्तर. मॅडमनी त्यांना चहा पिताना सांगितलं."

"मी वीसच्या वीस सांगितलेत."

"मला पण तसंच वाटतंय. पण मॅडम म्हणतात, च्युइंगम चघळलं की शब्द आतल्या आत विरघळतो."

बादली भरून वाहू लागली तरी कालीपाचं लक्ष नव्हतं. बूट भिजले तेव्हा तिने नळ बंद केला आणि बादली तिथेच सोडून ती शाळेकडे निघाली.

पंधरा काय आणि वीस काय, एरवी तिने ढुंकून पाहिलं नसतं. पण रविवारी गावची सभा होती आणि सभेत चराई समितीचा नवा अध्यक्ष निवडायचा होता. जुने अध्यक्ष मुलाकडे बिश्केकला राहायला गेले. नऊ वर्षं त्यांच्या नावापुढे अध्यक्ष लिहिलं जात होतं आणि नऊ वर्षं कोणाची गुरं कधी वर जाणार, कोणता उतार यंदा मोकळा ठेवायचा, कोणत्या झऱ्याला ऑगस्टात पाणी आटतं, हे सगळं कालीपा सांगत होती. ते वहीत लिहायचे, वही हरवायची, मग परत येऊन कालीपालाच विचारायचे. आता खुर्ची रिकामी झाली होती. एकसष्टाव्या वर्षी कालीपाला ती खुर्ची हवी होती आणि हे तिने कोणापासून लपवलं नव्हतं. तिच्यासमोर उभा होता सापार. सापारला खुर्ची कशासाठी हवी होती हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण तो सभेत मोठ्याने बोलायचा, आणि आता त्याला सतरा मिळाले होते.

शाळेच्या वाचनालयात मीरिम कागद पसरून बसली होती. मीरिम विद्यापीठात शिकणारी, बिश्केकची पोर, तेवीस वर्षांची. च्युइंगम चघळत शिकलं तर जास्त लक्षात राहतं का, हे शोधायला ती गावात आली होती. तिच्या बॅगेत च्युइंगमची शंभर पाकिटं होती आणि तीन आठवड्यांत तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

पहिली आठी पुरुषांनी पाडली. तिने टोपीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हिरवी चिठ्ठी आली की चघळायचं, पांढरी आली की नाही. सापारला हिरवी आली. "माझे दात काय गायीचे आहेत?" असं म्हणून त्याने च्युइंगम खिशात घातलं आणि नातीला नेऊन दिलं. त्याचं पाहून इतरांनीही तेच केलं. पांढऱ्या दाढीची माणसं भरदिवसा रवंथ करत बसतील, हे त्या गावात होणं नव्हतं. शेवटी चघळायला बायकाच उरल्या. मीरिमने डोक्याला हात लावला, पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला वेळ नव्हता. पंधरा जूनला तिला हे सगळं लिहून विद्यापीठात द्यायचं होतं.

"मॅडम," कालीपा दारातूनच म्हणाली, "माझे पाच कुठे गेले?"

"या ना अपा, बसा."

"बसायला नाही आले. मी वीस सांगितले. तू बोटांवर मोजले असशील तर बोटं दाखव."

"अपा, यादी दाखवता येत नाही. अजून सहा बायका राहिल्यात. त्यांना कळलं तर सगळं वाया जाईल."

"मला यादी नको. मला माझे पाच हवेत."

मीरिमने कागद उलटा केला आणि सुस्कारा टाकला. "तुम्ही पंधरा बरोबर सांगितलेत. उरलेल्या पाचांच्या जागी भलतंच काहीतरी सांगितलंत. म्हणजे, अगदीच भलतं नाही. अर्थ जवळपासचा. शब्द नाही. सगळ्या बायकांचं असंच झालंय. मला वाटतं, चघळताना शब्दाची कड झिजते आणि नुसता अर्थ उरतो. हे फार महत्त्वाचं आहे, अपा. हे आजवर कोणी सांगितलेलं नाही."

"माझी कड झिजलेली नाही," कालीपा म्हणाली.

परीक्षेचा दिवस तिला लख्ख आठवत होता. मीरिमने वीस शब्द सावकाश वाचले, दोनदा. चमचा, पूल, पाऊस, उशी, लोखंड, मीठ, असे साधे, रोजचे. कोणाला अवघड जाऊ नयेत म्हणून मुद्दाम गावातलेच निवडले होते. तोंडात पुदिन्याच्या वासाचं च्युइंगम होतं आणि ते चावताना कालीपाला आपल्या आईची आठवण आली. लग्न करून निघाली तेव्हा आईने तिच्या मुठीत डोंगरातल्या मुळ्यांचा काळा डिंक ठेवला होता, दुधात उकळून मऊ केलेला. म्हणाली होती, "सासरी एखादं नाव ओठावर आलं तर आधी हा चाव. चावून होईस्तोवर नाव मागे जातं." दोन महिने कालीपाचा जबडा दुखत होता.

नावं चावून गिळायला तिथे होतीही भरपूर. तिच्या आजेसासऱ्यांची एक तऱ्हा होती. मूल जन्मलं की दाबलेल्या लोकरीच्या, नमद्याच्या तंबूतून बाहेर यायचं आणि जे पहिलं दिसेल ते मुलाचं नाव. घरातली ही रीत तिच्या सासऱ्यांनीही चालवली. पहिल्या मुलाच्या वेळी बाहेर पाऊस होता, त्यांच्या भाषेत जामगिर, म्हणून थोरले दीर जामगिर. दुसऱ्याच्या वेळी दारात लोखंडी कांब पडली होती, म्हणून तेमिर. मग कुऱ्हाड दिसली, तो बाल्ता. मग गरुड दिसला, तो बुर्कुत. धाकट्याच्या वेळी गहू वाळत घातला होता, म्हणून तो बूदाय. हा बूदाय कालीपाचा नवरा. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तरी त्याचं नाव तिने आजवर घेतलेलं नव्हतं. गावातली तीसही घरं याच पाच भावांची. लेकी परगावी गेल्या, आणि ज्या आत आल्या त्या सगळ्या सुना. त्यामुळे या गावात एकाही बाईच्या तोंडी पाऊस पडत नसे. वरचं पाणी पडे. लोखंडाला गार-काळं म्हणत, कुऱ्हाडीला तोडणारी, गरुडाला वाकड्या चोचीचा आणि गव्हाला रोटीचं.

कालीपाने परीक्षेत शब्द डोंगराच्या वाटेवर एकेक करून ठेवले होते. चमचा नळापाशी, पूल पुलापाशीच, मीठ गुरांच्या चाटणीच्या दगडावर. मग मनातल्या मनात घोड्यावर बसून ती वर गेली आणि एकेक उचलत आली. चमचा. पूल. वरचं पाणी. उशी. गार-काळं. मीठ. वीस झाले. मीरिमने तोंडावर काही दाखवलं नाही, कारण तसा नियम होता. कालीपा घरी गेली आणि समाधानाने दोन वाट्या चहा प्याली.

आता ही पोर म्हणत होती की पाच गेले.

"परत घे," कालीपा म्हणाली. "च्युइंगम न देता घे."

मीरिम थबकली. हे खरं तर तिलाच सुचायला हवं होतं. तिने तीच यादी उलट्या क्रमाने वाचली. दहा मिनिटं दोघी खिडकीबाहेरच्या घोडीविषयी बोलल्या. मग कालीपा मनातल्या डोंगरावरून खाली उतरली आणि तिने वीस शब्द सांगितले.

मीरिमने पेन टेबलावर टाकलं. "पुन्हा पंधरा. तेच पाच नाहीत."

"तू मोजायला कुठे शिकलीस ग?"

"अपा, तेच पाच! चघळा, नाही चघळा, तेच पाच! आणि पुरुषांना तेच पाच सगळ्यात आधी आठवतात!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग माझ्या च्युइंगमचं काय? त्याने काही होतच नाही का? मग हे काय बायकांचंच आहे?"

शेवटचं वाक्य ती दार उघडं असताना म्हणाली आणि बाहेर हेडमास्तर उभे होते.

दुपारपर्यंत गावात झालं की विज्ञानाने सिद्ध केलंय, बायकांच्या डोक्याला पाच भोकं असतात. दुकानात कालीपा मेणबत्त्या घ्यायला गेली तर सापार पोत्यावर बसला होता. काकूला तो जेंगे म्हणे.

"या जेंगे, या. काय हवंय ते आठवतंय ना? की मी सांगू?"

"मला तुझं वागणं आठवतंय. मागच्या वर्षी जुलैत तुझ्या चार गाई राखीव उतारावर सापडल्या. तिथलं गवत अजून उभं राहिलेलं नाही."

"त्या वाट चुकल्या होत्या."

"चारी एकदम? आणि संध्याकाळी बरोबर तुझ्या दारात आल्या?"

दुकानदार हसला. सापारही हसला, पण उठता उठता म्हणाला, "जेंगे, मी तुम्हाला वाईट म्हणत नाही हो. तुम्ही घरच्या. पण हिशेब करा, सतरा आणि पंधरा. माणसं आकडा बघतात."

माणसं आकडा बघतात, हे खरंच होतं. जी माणसं नऊ वर्षं कालीपाच्या दारी येऊन "अपा, आमची पाळी कधी?" असं विचारत होती, तीच आता तिला पाहून जरा काळजीच्या सुरात बोलू लागली. एकाने तर अक्रोड खायला सांगितले. कालीपाला वाटलं, त्याच्या तोंडात अख्खं पोतं कोंबावं.

रविवारी शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. बाकं कमी पडली म्हणून पोरं खिडक्यांत बसली. पुढे खुर्चीवर थोरले दीर जामगिर बसले होते, त्र्याऐंशी वर्षांचे, पांढरी नमद्याची टोपी कानांपर्यंत ओढलेली. कानांनी ते तसेही फार काही ऐकत नव्हते. पाच भावांपैकी आता तेवढेच उरले होते. मीरिम कोपऱ्यात कागद छातीशी धरून उभी होती. शेवटच्या सहा बायकांची परीक्षा आदल्या दिवशी संपली होती आणि त्यांचंही तेच झालं होतं.

सापार बोलायला उठला आणि सरळ मुद्द्यावर आला. चराई समितीचं काम म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम. इथे शिकलेल्या मॅडम आहेत, त्यांनी सगळ्यांना तपासलंय. "मी काही बोलत नाही. कागद बोलतोय."

"कागद काय बोलतोय ते ऐकू दे तरी," कालीपा उठली. "मॅडम, आता कोणी राहिलं नाही ना परीक्षेचं?"

"नाही," मीरिम म्हणाली.

"मग मी सगळ्यांसमोर वीस शब्द सांगते. तू यादी हातात धर. जिथे चुकेन तिथे थांबव."

तिने सुरुवात केली. "चमचा. पूल. वरचं पाणी."

"हेच!" मीरिम ओरडली. "हेच बघा! इथेच होतं! यादीत वरचं पाणी नाही, यादीत पाऊस आहे!"

बायकांच्या बाजूने नासिपाचा आवाज आला. "अहो मॅडम, ते नाव आहे!"

"कोणाचं नाव?"

"ते काय पुढे बसलेत टोपी घालून! आम्ही कसं घेणार ते?"

आणि मग असा हशा उठला की खिडकीतलं एक पोर बाहेर पडलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. म्हातारे डोळे पुसत होते. मीरिमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ती यादीकडे पाहत एकेक शब्दावर बोट ठेवत होती. लोखंड. कुऱ्हाड. गरुड. गहू. तिच्या आजीच्या तोंडची असली विचित्र बोली तिने लहानपणी ऐकली होती आणि म्हातारी विसरते म्हणून असं बोलते, असं तिला वाटायचं. बिश्केकच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला सगळे आठवत होते," ती पुटपुटली.

"मी तुला पहिल्या दिवसापासून काय सांगतेय?" कालीपा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला छातीत मोकळं वाटलं. ती लोकांकडे वळली. "ऐकलंत? वीस. आता मत द्या."

पण सापार अजून उभाच होता. तोही हसला होता, मनापासून हसला होता. हसू ओसरल्यावर त्याने टोपी मागे सारली. त्याच्या डोक्यात काहीतरी आलं होतं.

"जेंगे, वीस मान्य. माझे तीन कमी, हेही मान्य. पण एक सांगा. अध्यक्षाला तालुक्याला जावं लागतं. नकाशावर बोट ठेवून साहेबाला सांगावं लागतं, एक जूनला गुरं कुठे जाणार. कुठे जाणार?"

"तुला माहीत आहे कुठे जाणार."

"मला माहीत आहे. साहेबाला सांगा. मी साहेब."

कालीपाला सापळा दिसला, पण पाऊल आधीच पडलेलं होतं. कोल्खोजच्या, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीच्या काळात ज्या भावाने जो भाग राखला, त्याचंच नाव त्या भागाला चिकटलं होतं. नकाशातही तसंच छापलेलं होतं. जामगिरचा झरा, तेमिरची खिंड, बाल्ताचा उतार, बुर्कुतचा कडा.

"एक जूनला गुरं जातात वरच्या पाण्याच्या झऱ्यावर," ती म्हणाली.

"असा झरा नकाशात नाही," साहेब झालेला सापार म्हणाला.

"पंधरा जूनला गार-काळ्याच्या खिंडीत. तिथे एकशे ऐंशी मोठी जनावरं, त्यापेक्षा एक जास्त नाही. गेल्या तीन वर्षांत दोनदा जास्त गेली, दोन्ही वेळा तुझी. जुलैत तोडणारीचा उतार, पण वरचा अर्धाच, खालचा दुष्काळानंतर उठलेला नाही. वाकड्या चोचीच्या कड्यावर फक्त घोडे." ती नऊ वर्षांचं सगळं सांगू लागली, वर्षावार, घरावार. कोणाची किती, कधी, कुठे. मागे बसलेले लोक माना डोलावू लागले. हे सगळं बरोबर आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकाने ते तिच्याकडूनच ऐकलं होतं.

"सगळं बरोबर," सापार म्हणाला. "पण नकाशात नाही. तालुक्याला काय नासिपाला घेऊन जाणार, ते नाव आहे हो म्हणून ओरडायला? तिलाही घेता येत नाही!"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो कालीपाच्या बाजूचा नव्हता.

"काय चाललंय?" जामगिर म्हाताऱ्यांनी विचारलं. "सून कशाला अडलीय?"

कोणीतरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं, "तुमच्या नावाला!"

"कशाला?"

"तुमचं नाव घ्यायचंय! झऱ्याचं!"

म्हाताऱ्यांनी थोडा विचार केला. मग हात उडवला. "अरे मग घेऊ दे की! मी काय झिजणार आहे? आज ना उद्या वरून मला याच नावाने हाक येणार, त्याआधी सुनेने घेतलं तर कुठे बिघडलं? घे ग बाई, घे. मी माफ केलं."

सगळ्यांनी कालीपाकडे पाहिलं. एवढ्या माणसांपुढे, खुद्द थोरल्या दिरांनी, हसत हसत परवानगी दिली होती. आता राहिलं काय होतं? चार अक्षरं.

कालीपाने श्वास घेतला. जीभ टाळूला लावली. नाव तिला दिसत होतं, अगदी समोर, खुर्चीत बसलेलं. एक्केचाळीस वर्षं ते ती रोज ऐकत होती. आकाश भरून आलं की मनात पहिलं तेच यायचं आणि ती ते गिळायची. आता गिळायचं नव्हतं. फक्त बाहेर सोडायचं होतं.

"ज," ती म्हणाली.

जबडा आवळला. तोंडात काही नव्हतं, तरी दातांनी काहीतरी चावलं.

"ज... वर..."

"घ्या, घ्या!" सापारची बायको म्हणाली, आणि ती टोमणा मारत नव्हती.

"ज... वरचं पाणी," कालीपा म्हणाली.

आधी पोरं हसली. मग बायका हसल्या. त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. जामगिर म्हाताऱ्यांनी विचारलं, "घेतलं का?" कालीपाने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला. घाम फुटला, मान ताठ झाली, आणि जे विसरायचा तिने जन्मभर आटापिटा केला, ते आठवत असूनही ओठांबाहेर येईना. तिला स्वतःच्याच तोंडावर चपराक मारावीशी वाटली.

हात वर करून मतं घेतली. सापार चार हातांच्या फरकाने निवडून आला. ज्यांनी त्याला मत दिलं त्यांच्यापैकी तिघे जाताना तिला म्हणाले, "अपा, राग मानू नका, तालुक्याचं काम आहे ना."

सोमवारी मीरिमने सगळ्या बायकांना परत बोलावलं. या वेळी प्रत्येकीला एक कागद आणि पेन्सिल दिली. अर्ध्या जणींना च्युइंगम दिलं, अर्ध्या जणींना नाही. शब्द सांगायचे नव्हते, लिहायचे होते. कालीपा येणारच नव्हती. मीरिम घरी येऊन रडवेली झाली, म्हणून ती गेली. तिने वीस शब्द लिहिले. तिसऱ्या ओळीवर हात क्षणभर थांबला आणि मग सरळ लिहून गेला. हाताला कोणी सासू नव्हती. हे तिला कोणी आधी का नाही सांगितलं, या विचाराने तिचा राग आणखी वाढला.

जिने चघळलं तिलाही एकोणीस-वीस, जिने नाही चघळलं तिलाही एकोणीस-वीस.

मीरिम व्हरांड्यात उभी राहून तिच्या सरांशी फोनवर बोलत होती. "नाही सर... नाही, फरक पडत नाही. चघळलं काय, नाही चघळलं काय... हो, तीन आठवडे... नाही, आधीचे सगळे आकडे फेकून द्यावे लागतील." बराच वेळ ती ऐकत राहिली. फोन ठेवून ती पायरीवर कालीपाशेजारी बसली.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मग तू शोधलंस काय?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, काही नाही."

"खोटं बोललीस," कालीपा म्हणाली. "माझी खुर्ची घालवलीस की."

मीरिमने मान खाली घातली. कालीपाला तिची दया आली आणि दया आल्याचाही राग आला. तिने खिशातून एक कुरुत, वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा, काढून पोरीच्या हातावर ठेवला. "हे चघळ. याने डोकं चालत नाही, पण पोट तरी भरतं."

गुरुवारी सकाळी, दूध काढून होतंय तोच सापार दारात आला. बगलेत नवी वही, कानावर पेन. बूट पुसून आत आला, चहा घेतला, रोटीला साय लावली, तब्येतीची चौकशी केली. कालीपा किटली भरत राहिली.

"जेंगे," तो शेवटी म्हणाला, "परवा वेळापत्रक द्यायचंय तालुक्याला. तुम्ही सभेत सांगितलं ना, वर्षावार, घरावार... ते जरा परत सांगता?"

"तुला नकाशातली नावं येतात. तू सांग."

"नावं येतात हो. तारखा कुठे येतात?" तो ओशाळवाणं हसला. "सांगितलं नाहीत तर मी अंदाजाने लिहीन. मग खालच्या उतारावर गेली गुरं, तर मला बोलू नका."

कालीपाने त्याच्याकडे पाहिलं. धमकी द्यायची अक्कल त्याच्यात नव्हती, तो खरंच बोलत होता. अंदाजाने लिहिलं असतं आणि त्या उताराचं गवत आणखी पाच वर्षं उठलं नसतं. तिला हाकलून द्यायचं होतं त्याला. हातातली किटली तिने चुलीवर आपटली.

"लिही. एक जून. वरच्या पाण्याचा झरा."

सापारने लिहिलं. "जा-म-गिर-चा. पुढे?"

"पुढे गार-काळ्याची खिंड. एकशे ऐंशी."

"पंधरा तारखेला ना? की वीस?"

"पंधरा म्हटलं ना!"

"मग तोडणारी... थांबा, तोडणारी आधी की वाकडा आधी?" त्याने खोडलं, परत लिहिलं, एका ओळीत दोन ओळी घुसवल्या. एकशे ऐंशीचे एकशे आठ झाले. कालीपा पाहत राहिली, पाहवेना तेव्हा तिने वही ओढून घेतली.

"दे इकडे."

तिने पान फाडलं, नवं पान घेतलं आणि लिहायला बसली. जामगिरचा झरा, तेमिरची खिंड, बाल्ताचा उतार, वरचा अर्धा. बुर्कुतचा कडा, फक्त घोडे. अक्षर मोठं, सरळ, तालुक्यातल्या कोणालाही वाचता येईल असं. तिच्या पाठीमागे उभा राहून सापार वाचत होता आणि प्रत्येक नावाला कौतुकाने "हां" म्हणत होता. तो "हां" तिच्या मानेवर गोमाशीसारखा बसत होता.

दोन पानं भरली. तिने पेन खाली ठेवलं आणि वही त्याच्याकडे सरकवली.

"खाली सही राहिली," सापार म्हणाला.

"ती तू कर," कालीपा म्हणाली. "अध्यक्ष तू आहेस."

त्याने सही केली. वळणदार, शेपूट काढलेली. मग उरलेली साय रोटीला पुसून घेत त्याने विचारलं, "ऑगस्टचं कधी लिहिताय?"